घोड्याच्या गॅसवरचा नैवेद्य

शाळेच्या स्मरणिकेसाठी शालनबाईंवर दोनशे शब्द लिहून द्या, असं मला सांगितलं होतं. मी दिले. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, मितभाषी, वगैरे. बाईंच्या फोटोखाली ते छापूनही आले. बाई असत्या तर स्मरणिका घेऊन तशाच माझ्या अंगणात आल्या असत्या आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या असत्या, "वसंता, मितभाषी कोण रे मेल्या? मी?" तीन पावसाळे झाले त्यांना जाऊन. राहिलेलं आता लिहितो. हे स्मरणिकेत चाललं नसतं.

आमची घरं शेजारी, मध्ये एक चिऱ्याचा गडगा. मी तहसील कचेरीत कारकून होतो, बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. माहेर वालावलचं. तीस वर्षं त्यांनी गावाची पोरं शिकवली आणि तीस वर्षं गावाला टोचून टोचून बेजार केलं. अंगाने काटकुळ्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पायात रबरी सपाता. समोरच्याचं नेमकं काय दुखतंय ते त्यांना बघताक्षणी कळायचं आणि त्या तिथेच बोट ठेवायच्या. माझा मुलगा दहावीत नापास झाला त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. बाई संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "तोंड गोड कर गो. माका हो निकाल चौथीतच ठावक होतो. तुमका सहा वर्सा उशिरा कळलो, ह्येच्यात माझो काय दोष?" बायको दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी बाई गडग्यावरून पोराच्या नावाने ओरडल्या, त्याला आपल्या पडवीत बसवलं आणि ऑक्टोबरपर्यंत गणित-विज्ञान घोटून घेतलं. पोरगा पास झाला. त्याला घोटताना मात्र रोज "गाढवा" म्हणायच्या, आणि पास झाल्यावरही म्हणतच राहिल्या.

आमच्या गावची देवी सातेरी. जत्रेच्या दिवशी तिला वडे, खीर आणि पाच भाज्यांचा नैवेद्य लागतो. तो शिजवायचा मान बाईंच्या सासरचा. घरातली सून शिजवते, देवीच्या तांब्याच्या तपेल्यात भरते आणि वाजतगाजत देवळात नेते. बाईंचे यजमान गेले त्या वर्षी कुजबुज सुरू झाली की आता विधवेच्या हातचा नैवेद्य कसा चालायचा. कुजबुजीला तोंड फोडलं ते आबाने. आबा म्हणजे आमच्या देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, आणि तसं पाहिलं तर गावात जे जे अध्यक्षपद असतं त्या सगळ्याचा अध्यक्ष. मी त्याच कमिटीचा चिटणीस. बाई कमिटीपुढे आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सातेरीक घोव आसा काय रे आबा? नाय मां? मगे ती देवळात बसलेली चलता, आणि मी चुलीकडे बसलेली चलना नाय?"

आमच्याकडे माणसांना उत्तर सुचलं नाही की देवीला विचारतात. त्याला कौल लावणं म्हणतात. गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पडली तर देवी व्हय म्हणाली, डावी पडली तर नाय. त्या वर्षी बाळा गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आतच उजवी पाकळी पडली. बाई रडल्या. नवऱ्याच्या तिरडीपुढे न रडलेली बाई देवळाच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडली. घरी येताना मला म्हणाल्या, "ह्या गावात माका एकाच बाईन माणूस म्हटल्यान, आणि ती दगडाची आसा." त्यानंतर दर जत्रेला बाई आदल्या दिवशीपासून पाण्याचा थेंब न घेता नैवेद्य करायच्या. अख्ख्या जगाला फाडून खाणारी ही बाई त्या एका दिवशी तोंडातून वावगा शब्द काढत नसे.

आता घोड्यांचं सांगतो. कुणकेश्वर करून येणारे पर्यटक आमच्या किनाऱ्यावर थांबायला लागले, तसा घाटावरून सर्जेराव नावाचा माणूस तीन घोडे घेऊन उतरला. वाळूवरून एक फेरी, डोक्याला फेटा, फोटो. घोडे म्हटले की लीद आली. पर्यटक नाकाला रुमाल लावायला लागले, लॉजवाल्यांनी आबाचे कान भरले, आणि ग्रामसभेत आबाने ठराव मांडला की घोडे गावाबाहेर काढावेत. बाई नुकत्याच रिटायर झालेल्या. मागच्या बाकावरून उठल्या. "घोडे हगतत म्हणान हाकलतात? मगे गावात रवतलो कोण?" सभा खो खो हसली. आबाही हसला. बाई म्हणाल्या, "लीद माका द्या. उद्यापासून किनारो साफ दिसलो नाय तर माका हाकला."

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गावाने पाहिलं, रिटायर मास्तरीण साडी गुडघ्यापर्यंत खोचून, घमेलं आणि फावडं घेऊन किनाऱ्यावर घोड्यांच्या मागे फिरतेय. घराच्या मागे त्यांनी खड्डा खणून बांधून घेतला, त्यावर लोखंडी ड्रम पालथा बसवला. शेणाचा गॅस आम्ही ऐकून होतो, लिदीचा गॅस कोणी बघितला नव्हता. माझ्या गोठ्यातलं बादलीभर शेण त्या मागून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "दुधाक विरजण लागता, तसा लिदीक शेण." पाचव्या आठवड्यात बाईंच्या स्वयंपाकघरात निळी ज्योत लागली. अंधार पडल्यावर मला बोलावून दाखवली. मी म्हटलं, "बाई, वास येत नाय हो!" त्या म्हणाल्या, "वास लोकांच्या मनात येता. तेका आपण काय करतलो?"

तीन महिन्यांत ज्योत करंगळीएवढी झाली आणि मग विझली. लीद किनाऱ्यावरची, प्रत्येक घमेल्यात ओंजळ-ओंजळ वाळू. ती खड्ड्याच्या तळाशी बसत बसत अर्धा खड्डा भरला होता. विज्ञान शिकवलेल्या बाईच्या हे ध्यानात आलं नाही, आणि जन्म वाळूत गेलेल्या आमच्याही नाही. गाव हसून हसून लोळलं. सगळ्यात जास्त मी हसलो, गडग्यावर कोपर टेकून. बाईंनी ड्रम उतरवला, विषारी वारा निघून जावा म्हणून खड्डा पंधरा दिवस उघडा ठेवला आणि मग वैशाखाच्या उन्हात दोन गडी लावून सगळी वाळू उपसली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हस वसंता, हस. तुझ्या डोक्यात पण वाळूच आसा, पण ती उपसूक गावना नाय."

मग त्या लीद पिंपात भिजवून, ढवळून, वाळू खाली बसली की वरचं गाळून घ्यायला लागल्या. ज्योत परत आली ती टिकली. सिलिंडर त्यांनी परत देऊन टाकला. आणि इथून गावाचा खेळ सुरू झाला. बाईंच्या घरी कोणी पाणी सोडून काही घेईना. हळदीकुंकवाला बायका येत आणि चहाचा कप तसाच ठेवून उठत. "उपास आसा गो बाई." आठवड्याचे सातही दिवस आमच्या बायकांना उपास. मी चहा प्यायचो, ते खरं, पण घरी आल्यावर बायको मला चूळ भरायला लावायची आणि मी भरायचो. कोणी विचारलं तर मी तिथे चहा पीत नाही म्हणूनही सांगितलेलं आहे.

खत मात्र सगळ्यांना हवं. खड्ड्यातून जी काळी मळी बाहेर पडते ती माडाला घातली की दुसऱ्या वर्षी माड ओळखू येत नाही. बायका मागच्या दाराने बादल्या घेऊन येत. आबाचा गडी तर पिंप घेऊन यायचा. देवळाच्या आवारातले सात माड याच मळीवर वाढलेले, त्यांचेच नारळ देवीपुढे फुटतात. बाई कोणाला नाही म्हणत नसत, फक्त ऐकवत. "ने गो, ने. लिदीचो नारळ खातात, लिदीचो चाय पिना नाय. तुमचा सोवळा नारळाएवढा वर आसा, माझो हात पोचना नाय थंय."

एकदा ज्योत अशीच बारीक झाली. बाईंनी पिंप तपासलं, पाणी तपासलं, आणि भर दुपारी किनाऱ्यावर गेल्या. मी मागे. सर्जेरावाला विचारलं, "घोड्यांक औषध काय दिलंस?"

सर्जेराव चपापला. "तुमास्नी कुनी सांगितलं?"

"माझ्या चुलीन सांगल्यान. औषध पोटात गेला की लिदीतले जीव मरतत आणि गॅस बसता. बोल."

"ताप हाय वो पांढऱ्या घोडीला दोन दिसं. सुई दिलीया. पर सीझन हाय बाई, हुबं ऱ्हाऊन कसं चालंल?"

घोडीवर एक चांगला खातापिता गृहस्थ बसलेला, बायको फोटो काढतेय. बाईंनी लगाम धरला आणि शुद्ध शाळेतल्या भाषेत म्हणाल्या, "या घोडीला ताप आहे. तुमच्या आईला ताप असता तर तिच्या पाठीवर बसला असता का? उतरा." तो माणूस उतरला. त्याची पोरगी रडायला लागली, तर बाई तिला म्हणाल्या, "रड. तुझा बाबा घोडीपेक्षा जड आहे." सर्जेराव शिव्या घालत होता, बाईंनी घोडी चिंचेखाली आणून बांधली आणि पाच दिवस सोडली नाही. ही दया होती की गॅस परत यावा म्हणून होतं, मला आजही सांगता येणार नाही. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी गॅसच सांगितलं असतं.

वाळूचा ताप चुकवायला बाईंनी मग घोड्यांना शेपटीखाली झोळ्या बांधायचं काढलं, म्हणजे लीद वाळूवर पडायलाच नको. गोणपाटाच्या झोळ्या करून बघितल्या, त्या गळायला लागल्या आणि घोड्यांच्या मांड्या घासल्या. नेमका तेव्हाच आबाचा वाढदिवस होऊन गेला होता. तिठ्यावर लावलेले अभीष्टचिंतनाचे बॅनर गटारात पडले होते. हात जोडलेला आबा, मागे उगवता सूर्य. बाईंनी तीन बॅनर उचलून आणले, धुतले आणि मशीनवर झोळ्या शिवल्या. झकास झाल्या. मला दाखवल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, आबाचा तोंड आसा ह्येच्यार!"

"तां माका दिसता. म्हणानच तोंड आतल्या बाजून केलंय. लोकांक दिसूक नको."

देवाशपथ सांगतो, यात खोडसाळपणा किती आणि भाबडेपणा किती ते मला कळलं नाही. पण ऐन सीझनमध्ये, किनारा माणसांनी भरलेला असताना, सर्जेरावाने झोळी उलटी करून झटकली. आतून आबा निघाला. हात जोडलेला, आणि तोंडभर. कोणा पर्यटकाने फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तालुक्यातल्या सगळ्या मोबाईलवर होता. आबाने चारचौघांत तो फोटो पाहिला आणि हसला. "बाई म्हणजे बाईच!" म्हणाला. त्या हसण्याची मला भीती वाटली, कारण मी त्याच्याबरोबर वीस वर्षं काढली आहेत.

जत्रेला पंधरा दिवस असताना कमिटीची मीटिंग लागली. विषय एकच. देवीचा नैवेद्य घोड्याच्या लिदीवर शिजतो, गावाच्या भावना दुखावतात. दोन वर्षं तो तसाच शिजला होता, तेव्हा कोणाची भावना दुखली नव्हती. बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "सिलिंडरातलो गॅस खंयच्या सोवळ्यातलो रे? आणि देवळातले माड काय खातत?" मी मध्ये पडलो. म्हटलं, बाई, एक दिवस माझा सिलिंडर घेऊन जा, कोणाला कळणार नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "देवीक फसवू? मी मास्तरीण आसंय वसंता, कारकून नाय." आबा शांतपणे म्हणाला, "आपण कशाक भांडया? देवीकच इचारूया." आणि बाई लगेच कबूल झाल्या. बाईंचा भरवसा माणसांवर नव्हता, देवीवर होता. "देवी नाय म्हटल्यान तर मी हात लावचंय नाय," म्हणाल्या.

कौलाच्या दिवशी सकाळी आम्ही पंधरा पुरुष गाभाऱ्यापुढे बसलो. बाई न्हाऊन, उपाशी, बाहेर पायरीवर, जिथून पाषाण दिसत नाही. बाळा गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवी सातेरी, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत... बाईच्या गॅसार शिजलेलो निवेद तुका मान्य आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

उजवी पडली. आबा म्हणाला, "बाळा, घोड्याचा नाव घेतलंस नाय तू. देवीक सिलिंडर वाटलो. वसंता, नीट लिवन दी तेका." मी कचेरीतल्या मराठीत लिहून दिलं: घोड्याच्या लिदीपासून तयार होणाऱ्या गॅसवर. बाळाने अडखळत वाचलं. व्हय म्हाराजा. उजवी पडली.

आबा म्हणाला, "तीनदा इचारूचा लागता. रीत आसा." अशी रीत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. बाळाने तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. या वेळी काहीच पडेना. तासभर गेला, वर अर्धा तास गेला. पाकळ्या सुकत आल्या, डावीची कड सुटून थोडी वर आली होती. आबाने उपरण्याने मान पुसली.

"उकाडता रे. वसंता, पंखो लाव."

गाभाऱ्याच्या दारात कोणा चाकरमान्याने दिलेला भिंतीवरचा पंखा आहे. बटण माझ्या डोक्यामागे होतं. माझा मुलगा, बाईंनी पास करून दिलेला, ग्रामपंचायतीत कामाला लागला होता तो आबाच्या शब्दावर. अजून कायम व्हायचा होता. आबा माझ्याकडे बघत नव्हता, देवीकडे बघत होता. बाळा गुरव खाली बघत होता. मी हात मागे नेला आणि बटण दाबलं. मार्गशीर्षाचा महिना, सकाळची वेळ, कोणाला कसला उकाडा?

डावी पडली. "व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मला वाटलं होतं बाई आकांत करतील. आबाच्या सात पिढ्या उद्धरतील, निदान 'शिरा पडो' असा शाप तरी देतील. मी तेच गृहीत धरून बसलो होतो. त्या आत आल्या, गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि लहान पोरीसारख्या आवाजात म्हणाल्या, "चुकलंय गो माये. माका कळूक नाय." आबा त्यांना म्हणाला, "बाई, मनाक लावन घेव नको." त्यांनी आबाला हात जोडले. शालनबाईंनी आबाला हात जोडले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नैवेद्याचा मान आबाच्या सुनेला गेला. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी देवीची भांडी आणायला चिटणीस म्हणून मलाच जावं लागलं. बाईंनी तपेलं चिंच लावून असं घासलं होतं की त्यात तोंड दिसत होतं. मागचा खड्डा कोरडा पडत आलेला. आठवडाभर त्यांनी त्यात लीद घातली नव्हती. सर्जेरावाला झोळ्या सोडायला सांगितलं होतं, लीद पुन्हा वाळूवर पडायला लागली होती. स्वयंपाकघरात शेगडीवर भांडं नव्हतं, पण शेगडी सुरू होती. लिदीच्या गॅसची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून मी टेकायला हात पुढे केला आणि बाईंनी तो झटकला.

"भाजशीत. ड्रमात उरलेलो गॅस जाळतंय. देवीक नको झालो तो माका कित्याक?"

मी तपेलं उचललं. बाई पाटावर बसल्या होत्या, चष्मा हातात.

"वसंता, तू थंय होतंस. एक सांग. पाकळी आपसूक पडली मां?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. गावात खोटं पकडायला त्यांच्याइतकं हुशार कोणी नव्हतं. चौथीतल्या पोराने तोंड उघडायच्या आधी त्यांना कळायचं. मला वाटलं, आता पकडतील. पकडावं, असंही वाटलं.

"व्हय बाई," मी म्हटलं. "आपसूक."

त्यांनी मान हलवली. "मगे बरां. माणसांनी काढलेली असती तर भांडलंय असतंय."

शेगडीवरची हवा थोडी थरथरत होती, तेवढ्यावरून गॅस अजून शिल्लक आहे हे कळत होतं. बाई तो संपायची वाट बघत बसल्या. मी देवीचं तपेलं डोक्यावर घेतलं, गडग्याच्या कडेने खाली उतरलो आणि आबाच्या घराकडे चालायला लागलो.